अनुदान ट्रकच्या खरेदीपेक्षा धावलेल्या किलोमीटरला द्यावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिझेलऐवजी हायड्रोजनवर चालणाऱ्या अवजड मालट्रकांना सरकारने आर्थिक साहाय्य द्यावे की नाही, यावर गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे. ते साहाय्य नेमके कशाला द्यावे, या प्रश्नाचा विचार मात्र त्या मानाने फारच थोडा झाला आहे. मी आयुष्याची बरीच वर्षे मालवाहतुकीच्या फेऱ्यांचे हिशेब लिहिण्यात घालवली असल्यामुळे हा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ट्रकच्या किमतीवर एकदाच मोठी रक्कम देऊन मोकळे होण्याऐवजी स्वच्छ हायड्रोजनवर प्रत्यक्ष धावलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे सरकारने साहाय्य द्यावे, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यामागची कारणे वाचकांपुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ज्यांनी ट्रकचा धंदा जवळून पाहिला आहे, त्यांना ठाऊक असते की गाडीची किंमत हा हिशेबाच्या वहीतला एकच रकाना असतो. कर्जाचा हप्ता, विमा आणि कर हे खर्च गाडी उभी असली तरी चालूच राहतात. इंधन, टायर, पथकर आणि दुरुस्ती हे खर्च गाडी धावेल तसे वाढत जातात. लांब पल्ल्याच्या अवजड ट्रकच्या बाबतीत या दुसऱ्या गटातील इंधन हा एकटा खर्च काही वर्षांतच गाडीच्या मूळ किमतीची बरोबरी करतो. पूर्ण भाराच्या ट्रकला १०० किलोमीटरमागे साधारण ८ किलो हायड्रोजन लागतो असे धरले, तर वर्षाला १ लाख किलोमीटर धावणारी गाडी ८,००० किलो हायड्रोजन वापरेल. हा हायड्रोजन डिझेलच्या तुलनेत परवडणाऱ्या भावापेक्षा किलोमागे ५ डॉलरने महाग आहे असे उदाहरणादाखल मानले, तर मालकाला दरवर्षी ४०,००० डॉलरचा जादा भुर्दंड बसतो. कॅलिफोर्निया राज्याच्या व्हाउचर योजनेत इंधनघटावर (म्हणजे हायड्रोजनपासून गाडीतच वीज तयार करणाऱ्या संचावर) चालणाऱ्या सर्वांत अवजड वर्गातील ट्रकला २ लाख ४० हजार डॉलरची मूळ रक्कम ठेवलेली होती, म्हणजे बॅटरीवरील त्याच वर्गातील ट्रकच्या बरोबर दुप्पट. ही रक्कम कोणालाही भरघोस वाटेल, पण वरील हिशेबाने ती ६ वर्षांत इंधनाच्या फरकातच संपते. तोवर गाडीचे आयुष्य संपलेले नसते. अशा वेळी गाडी चालवण्यापेक्षा ती उभी ठेवणे मालकाला स्वस्त पडते, आणि जी गाडी उभी आहे तिच्यामुळे हवेतील धूर तसूभरही कमी होत नाही.

कॅलिफोर्नियाच्या योजनेतील एक गोष्ट मात्र निःसंशय चांगली आहे आणि ती इतरांनी उचलावी. तिथे व्हाउचरची रक्कम खरेदीच्या वेळीच विक्रेत्यामार्फत किमतीतून वजा होते, त्यामुळे मालकाला आधी सगळे पैसे उभे करून मग परताव्याची वाट पाहत बसावे लागत नाही. खरेदीच्या वेळचे साहाय्य पूर्णपणे बंद करावे असे माझे म्हणणे नाही. गाडी दारात येण्यासाठी काही रक्कम आधी लागणारच. ती रक्कम लहान हिश्शाची असावी आणि मोठा हिस्सा धावेवर अवलंबून असावा, एवढाच माझा आग्रह आहे.

या आग्रहामागे चीनचा अनुभव आहे. बॅटरीवरच्या गाड्यांना खरेदी-अनुदान देण्याची मोठी मोहीम तिथे राबवली गेली आणि २०१६ मध्ये तिथल्या अर्थ मंत्रालयाने पाच वाहननिर्मात्या कंपन्यांनी मिळून १ अब्ज युआनहून अधिक रक्कम खोट्या मार्गाने मिळवल्याचे जाहीर केले. गाडीच्या नोंदणीच्या कागदावर पैसे मिळतात म्हटल्यावर कागद तयार करणारे लोक पुढे येतात, हा सगळ्याच देशांचा अनुभव असावा. त्यानंतर चीनने नियम बदलला: खासगी व्यक्ती सोडून इतर खरेदीदारांच्या गाड्यांना अनुदानासाठी ३०,००० किलोमीटर धाव पूर्ण झाल्याचे दाखवणे बंधनकारक केले. ही अट व्यावसायिकांना जाचक वाटल्याने २०१८ मध्ये ती २०,००० किलोमीटरवर आणली गेली, पण धावेचे तत्त्व कायम राहिले. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये इंधनघटाच्या गाड्यांसाठी जे धोरण आले, त्यात तर सरसकट खरेदी-अनुदानच बाजूला ठेवले गेले. त्याऐवजी निवडक शहरांच्या समूहांना कामगिरी पाहून बक्षीस देण्याची पद्धत सुरू झाली, आणि २०२१ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगडोंग, हबेई आणि हनान यांच्या नावाने असे पाच समूह ठरले. समूहाकडून काय अपेक्षित होते ते पाहण्यासारखे आहे: १,००० हून अधिक गाड्या, दर गाडीमागे हायड्रोजनवर सरासरी ३०,००० किलोमीटरहून अधिक धाव, १५ हून अधिक चालू भरणा केंद्रे (म्हणजे हायड्रोजन भरण्याचे पंप), आणि पंपावर किलोला ३५ युआनपेक्षा जास्त नसलेला भाव. गाडी, धाव, पंप आणि भाव या चार गोष्टी एकाच कागदावर एकत्र आणणारे दुसरे धोरण माझ्या पाहण्यात नाही. चीनची राज्यपद्धती निराळी आहे हे मान्य करूनही, या मांडणीतला व्यवहार कोणत्याही देशाला लागू पडेल असाच आहे.

स्वित्झर्लंडने हीच गोष्ट वेगळ्या वाटेने साधली. तिथे २००१ पासून अवजड वाहनांवर धावलेले अंतर, वाहनाचे वजन आणि उत्सर्जनाचा वर्ग यांच्या आधारे पथकर आकारला जातो. आधुनिक मानकाच्या ४० टनी डिझेल ट्रकला तो अनेक वर्षे किलोमीटरमागे सुमारे ०.९ फ्रँक इतका पडत होता. विजेवर किंवा हायड्रोजनच्या इंधनघटावर चालणाऱ्या ट्रकला हा कर माफ ठेवला गेला. आता हिशेब पाहा. वर्षाला ८०,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे ७० हजारांहून अधिक फ्रँक वाचतात, आणि ते वाचण्यासाठी गाडी रस्त्यावर असावीच लागते. उभ्या गाडीला सवलतीचा एक पैसाही मिळत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ह्युंदाई कंपनीचे एक्सिएंट हे इंधनघटावरचे पहिले ट्रक स्विस ग्राहकांकडे गेले, तेव्हा हायड्रोजन स्वस्त नव्हता आणि ट्रकही स्वस्त नव्हते. तरीही पन्नासच्या आतल्या संख्येचा हा ताफा २०२४ पर्यंत एकूण १ कोटी किलोमीटर धावला. गाडी विकत घेण्याऐवजी वापरावर पैसे भरण्याची सोय, जलविद्युतकेंद्राजवळ तयार होणारा हायड्रोजन आणि किरकोळ विक्रीच्या मोठ्या साखळ्यांचे ठरलेले मार्ग, या तिन्हींचा त्यात मोठा वाटा होता. पण या सगळ्यांना एकत्र बांधून ठेवणारा धागा तो पथकरच होता, असे मला वाटते.

पथकरातील माफीचा आणखी एक गुण असा की तिला अर्थसंकल्पात दरवर्षी नवी तरतूद लागत नाही. हा गुण किती मोलाचा आहे ते जर्मनीच्या उदाहरणावरून ध्यानात येते. जर्मनीने २०२१ मध्ये पर्यावरणपूरक व्यावसायिक वाहनांसाठी एक योजना आणली. डिझेल ट्रकच्या तुलनेत जी जादा किंमत मोजावी लागते, तिच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम सरकार देत असे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने हवामान निधीकडे वळवलेली ६० अब्ज युरोंची तरतूद घटनाबाह्य ठरवली, निधीला कात्री लागली आणि पुढच्याच वर्षी ही योजना नव्या अर्जांसाठी बंद झाली. ज्यांनी तिच्या भरवशावर पुढच्या खरेदीचे बेत आखले होते, त्यांचे बेत कोलमडले. उलट त्याच सुमारास, १ डिसेंबर २०२३ पासून, जर्मनीने ट्रकांच्या पथकरात कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे २०० युरोचा नवा घटक घातला आणि शून्य उत्सर्जनाच्या ट्रकांना त्यातून सूट दिली. हा भार डिझेलच्या अवजड ट्रकला किलोमीटरमागे सुमारे १६ सेंट इतका पडतो. योजना गेली, पथकर राहिला. चीनच्या शानडोंग प्रांतानेही १ मार्च २०२४ पासून हायड्रोजन वाहनांना प्रांतातील द्रुतगती मार्गांवर पथकरमाफी दिली, ती याच जातीची.

अशा माफीवर एक रास्त आक्षेप घेतला जातो. रस्त्यांची देखभाल पथकरातून होते आणि हायड्रोजनचा ट्रकही रस्ता तेवढाच झिजवतो, मग त्याने कर का भरू नये? आक्षेप खरा आहे. म्हणून माफी कायमची असू नये. ती किती वर्षे पूर्ण राहील आणि त्यानंतर कोणत्या वर्षी किती टक्क्यांनी घटेल, हे पहिल्याच दिवशी राजपत्रात छापलेले असावे. ट्रकमालक ८ ते १० वर्षांचा हिशेब मांडून गाडी घेतो. पाचव्या वर्षी सवलत निम्मी होणार आहे हे त्याला आधी कळले तर तो तसा भाव लावून करार करील. अचानक कळले तर तो बुडेल आणि त्याचे पाहून पुढचे दहा जण या वाटेला जाणार नाहीत.

आता मी ज्या मुद्द्याला सर्वाधिक महत्त्व देतो, त्याकडे वळतो. आतापर्यंत मी ‘हायड्रोजनवर धावलेले किलोमीटर’ असे म्हणत आलो, पण हायड्रोजन कुठून आला हे विचारल्याशिवाय त्या किलोमीटरला काही किंमत नाही. जगात २०२३ मध्ये सुमारे ९.७ कोटी टन हायड्रोजन तयार झाला आणि त्यातला १ टक्काही कमी उत्सर्जनाच्या पद्धतीने तयार झालेला नव्हता. बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूवर वाफेची प्रक्रिया करून किंवा कोळशापासून मिळवला जातो. वायूपासून १ किलो हायड्रोजन करताना साधारण ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आपला ट्रक १०० किलोमीटरला ८ किलो हायड्रोजन घेतो, म्हणजे त्याच्या नावावर ७० ते ८० किलो कार्बन डायऑक्साइड चढला. तेवढेच अंतर कापायला डिझेल ट्रकला ३० लिटर डिझेल लागते असे धरले आणि लिटरमागे सुमारे २.६५ किलो कार्बन डायऑक्साइड मोजला, तर तो आकडाही ८० किलोच्या आसपास येतो. म्हणजे सरकारने लाखो रुपये, युरो वा डॉलर खर्चून धूर ट्रकच्या नळीतून उचलला आणि कारखान्याच्या चिमणीत नेऊन ठेवला. शहरातल्या माणसाच्या फुप्फुसाला त्याने आराम मिळेल, आणि ही गोष्ट मी कमी लेखत नाही. पण हवामानाच्या नावाने काढलेल्या निधीतून हा खर्च करणे मला अप्रामाणिक वाटते.

विजेपासून हायड्रोजन केला की प्रश्न सुटला असेही नाही. पाण्याचे विद्युत-अपघटन करून १ किलो हायड्रोजन मिळवायला ५० ते ५५ युनिट वीज लागते, शिवाय तो दाबून टाकीत भरण्याची वीज वेगळी. ती वीज कोळशाच्या केंद्रातून आली आणि युनिटमागे अंदाजे १ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर किलोभर हायड्रोजनमागे पन्नास किलोंहून अधिक उत्सर्जन होते आणि १०० किलोमीटरचा आकडा ४०० किलोंच्या वर जातो. हे डिझेलच्या पाचपट झाले! पंपावर दोन्ही प्रकारचा हायड्रोजन रंगाने, वासाने, दाबाने सारखाच असतो आणि चालकाला त्यातला फरक कळण्याचा काही मार्ग नसतो. तो फरक सरकारने कागदोपत्री सिद्ध करून घ्यावा लागतो.

सुदैवाने यासाठीचे मोजमाप आता तयार आहे. अमेरिकेने २०२२ च्या कायद्यात स्वच्छ हायड्रोजनच्या उत्पादनाला जी करसवलत दिली, ती उत्सर्जनाच्या पायऱ्यांवर बेतलेली आहे: किलोमागे ०.४५ किलोपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर किलोला कमाल ३ डॉलर, त्यापुढे १.५ किलोपर्यंत १ डॉलर, आणि ४ किलोपर्यंत उतरत्या क्रमाने आणखी कमी. भारताने ऑगस्ट २०२३ मध्ये हरित हायड्रोजनची व्याख्या ठरवताना किलोमागे २ किलो ही मर्यादा घातली. आकडे निरनिराळे असले तरी तत्त्व एकच आहे की हायड्रोजनला रंगाचे नाव देण्यापेक्षा त्याचे उत्सर्जन मोजावे. अमेरिकी नियमांत वीज कुठली वापरली याबद्दलच्या तीन अटी आहेत आणि त्यांच्याविषयी उद्योगांनी पुष्कळ तक्रार केली आहे: वीज नव्याने उभारलेल्या स्वच्छ प्रकल्पातली असावी, ती त्याच प्रदेशातली असावी आणि पुढे तर ती त्याच तासाला तयार झालेली असावी. तासातासाचा हिशेब ठेवणे कटकटीचे आहे हे मी जाणतो, कारण हिशेब ठेवणे हेच माझे काम होते. पण रात्री कोळशाच्या विजेवर चालवलेल्या यंत्राला दुपारच्या सौरविजेचा दाखला जोडता आला, तर सगळी योजनाच पोकळ होते. ही अट सुरुवातीला महिन्याच्या हिशेबाने आणि मग ठरलेल्या तारखेपासून तासाच्या हिशेबाने लावता येईल. ती मुळातच सोडून देऊ नये.

तेव्हा साहाय्याचे सूत्र असे असावे: गाडीने किती किलोमीटर कापले आणि त्यासाठी घेतलेला हायड्रोजन उत्सर्जनाच्या कोणत्या पायरीवर होता, या दोन आकड्यांवरून रक्कम ठरावी. दोन्ही आकडे मिळवणे आज अवघड राहिलेले नाही. अंतर गाडीतल्या उपकरणातून आपोआप नोंदवले जाते, भरलेला हायड्रोजन पंपाच्या पावतीवर किलोत लिहिलेला असतो, आणि दोन्हींचा ताळा जमला नाही तर गडबड कुठे आहे ते लगेच दिसते. गाडी १०० किलोमीटरला ३ किलो घेऊन धावली असे कोणी लिहून पाठवले, तर ते वाचणाऱ्या लिपिकालाही खरे वाटणार नाही.

इथे बॅटरीचा विषय काढल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. वरच्या हिशेबाने हायड्रोजनच्या ट्रकला १०० किलोमीटरसाठी मुळातून ४०० हून अधिक युनिट वीज लागते, तर बॅटरीवरचा अवजड ट्रक तेच अंतर साधारण १२० ते १५० युनिटांत कापतो. हा तिप्पट फरक रसायनशास्त्राचा आणि यंत्रांच्या कार्यक्षमतेचा आहे. कोणत्याही अनुदानाने तो मिटत नाही. ज्या मार्गावर गाडी दिवसाला दोनशे-तीनशे किलोमीटर धावून रात्री एकाच आगारात परतते, तिथे हायड्रोजनसाठी सार्वजनिक पैसा खर्च करणे मला पटत नाही. हायड्रोजनचे स्थान वेगळे आहे. जिथे गाडी दोन चालकांच्या पाळीत दिवसरात्र चालते, जिथे बॅटरीचे वजन मालाच्या वजनातून कापले गेल्याने भाडे बुडते, किंवा जिथे वीजजाळ्याची क्षमता एकाच वेळी अनेक ट्रक चार्ज करण्याइतकी नाही, तिथे दहा-वीस मिनिटांत ३० किलो हायड्रोजन भरून निघता येणे ही फार मोठी सोय आहे. किलोमीटर आणि उत्सर्जन यांवर आधारलेल्या साहाय्याचा मोठा फायदा असा की कोणत्या मार्गावर कोणते तंत्र चालेल हे मंत्रालयात बसून ठरवावे लागत नाही. दोन्ही तंत्रांना स्वच्छ किलोमीटरचा सारखाच दर द्यावा. मालक स्वतःच्या मार्गाचा हिशेब मांडून निवड करील, आणि तो हिशेब त्याच्याइतका नीट दुसऱ्या कोणाला जमत नाही.

भरणा केंद्रांविषयी थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण अनेक योजना तिथेच अडकल्या आहेत. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार २०३० अखेरपर्यंत प्रमुख महामार्गजाळ्यावर दर २०० किलोमीटरला आणि प्रत्येक महत्त्वाच्या शहरी केंद्रात एक हायड्रोजन केंद्र असायला हवे, आणि त्याची क्षमता दिवसाला किमान १ टन असावी. नकाशावर ही आखणी देखणी दिसते. पण दिवसाला १ टन हायड्रोजन खपवायला प्रत्येकी ३० किलो भरणारे तीसहून अधिक ट्रक रोज त्या पंपावर यावे लागतात. चार-पाच ट्रक येणाऱ्या पंपाचा कॉम्प्रेसर, शीतकरण यंत्रणा आणि देखरेख यांचा खर्च तेवढ्याच थोड्या किलोंवर पडतो, भाव चढतो, चढलेल्या भावामुळे ट्रक कमी होतात आणि शेवटी पंप बंद पडतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेल कंपनीने कॅलिफोर्नियातील मोटारींसाठीची आपली हायड्रोजन केंद्रे कायमची बंद केली; ज्यांनी त्या पंपांच्या भरवशावर गाड्या घेतल्या होत्या त्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करता येते. मोटारीच्या मालकाची निदान गैरसोयच होते. ट्रकच्या मालकाची खेप चुकते, दंड भरावा लागतो आणि गिऱ्हाईक तुटते.

म्हणून माझे मत असे आहे की सुरुवातीच्या वर्षांत पंप नकाशाभर विखरून टाकू नयेत. दोन-तीन गर्दीचे मालमार्ग निवडावेत, उदाहरणार्थ बंदर ते गोदाम किंवा खाण ते पोलाद कारखाना, तिथे पंप आणि ट्रक एकाच निविदेत एकत्र आणावेत आणि साहाय्याचा करारही दोघांशी मिळून करावा. पंपचालकाला मिळणारी रक्कम यंत्रसामग्रीच्या किमतीवर एकदाच न देता पंप महिन्यातून किती तास चालू होता यावर द्यावी. आज पंपाचे उद्घाटन होते त्या दिवशी बहुतेक पैसे देऊन झालेले असतात आणि सहा महिन्यांनी तो नादुरुस्त होऊन पडला तरी कोणाच्या खिशाला झळ लागत नाही. ही रचना बदलल्याशिवाय चालकांचा या इंधनावर विश्वास बसणार नाही, आणि त्यांनी विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करण्याचा हक्कही आपल्याला नाही.

एक-दोन गाड्यांच्या मालकांची स्थिती तर आणखी नाजूक असते, आणि बहुतेक धोरणे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ते नसतातच असे मला वारंवार जाणवले आहे. प्राप्तिकरातील सवलत त्यालाच उपयोगी पडते ज्याला पुरेसा नफा झाला आहे आणि म्हणून कर भरायचा आहे. ज्याचे वर्ष तोट्यात गेले त्याला ती त्या वर्षी शून्य. अमेरिकेत अवजड स्वच्छ वाहनाला कमाल ४०,००० डॉलरची करसवलत होती, आणि सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांसाठी तीही संपली. लहान मालकासाठी खरी अडचण दोन ठिकाणी असते. बँकेला या गाडीची पाच वर्षांनंतरची किंमत ठरवता येत नाही, म्हणून ती कर्ज देत नाही किंवा जास्त व्याज मागते. आणि कंपनी टिकली नाही तर सुटे भाग व सॉफ्टवेअर मिळणार नाही, ही भीती त्याला स्वतःला असते. ती भीती अनाठायी नाही. हायड्रोजन ट्रकांसाठी गाजलेल्या निकोला कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. अनुदानातून गाडी स्वस्त मिळाली, पण ती दुरुस्त करणारी कंपनीच राहिली नाही, तर त्या स्वस्ताईचा काय उपयोग?

यावर दोन उपाय सुचतात. सरकारने पुनर्विक्रीच्या किमतीची काही टक्क्यांपर्यंत हमी द्यावी. गाडीचे भविष्य चांगले निघाले तर या हमीवर सरकारचा एक पैसाही खर्च होत नाही, आणि वाईट निघाले तर नुकसान लहान मालकाच्या एकट्याच्या डोक्यावर पडत नाही. दुसरे म्हणजे स्वित्झर्लंडप्रमाणे गाडी, इंधन, दुरुस्ती आणि विमा हे सगळे धरून किलोमीटरचा एकच दर लावणाऱ्या भाडेपद्धतीला प्राधान्य द्यावे. तंत्रज्ञान चुकीचे ठरण्याची जोखीम त्यात निर्मात्याकडे राहते, आणि ती तिथेच असावी, कारण ते तंत्रज्ञान सर्वांत चांगले त्यालाच समजते.

काही सवलतींना तिजोरीतून खर्चच करावा लागत नाही, पण त्या मालकाच्या हिशेबात लगेच दिसतात. हायड्रोजनच्या टाक्या जड असतात, त्यात साठलेल्या वायूचे वजन टाकीच्या वजनाच्या फार थोड्या अंशाएवढे भरते, आणि तेवढा माल कमी न्यावा लागतो. युरोपीय संघाने शून्य उत्सर्जनाच्या वाहनांना एकूण वजनमर्यादेत २ टनांपर्यंतची वाढ दिली आहे. पूल आणि रस्ते तपासून इतरांनीही ती द्यावी. गर्दीच्या वेळी शहरात प्रवेश किंवा बंदरावर वेगळी रांग यांचेही तसेच. चालक आणि मेकॅनिक यांच्या प्रशिक्षणाला मात्र वेगळी तरतूद हवी. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के या फार रुंद पट्ट्यात पेट घेतो आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. छताशी वायू साठू न देणारी कार्यशाळा आणि गळती ओळखणारा कारागीर नसेल, तर एका अपघाताने सगळ्या योजनेवरचा लोकांचा विश्वास उडेल.

शेवटी एक ठोस मागणी. भारताच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानात वाहतुकीच्या प्रायोगिक योजनेसाठी २०२५-२६ पर्यंत ४९६ कोटी रुपये राखून ठेवले गेले, आणि मार्च २०२५ मध्ये बस व ट्रक मिळून ३७ वाहनांचे आणि ९ भरणा केंद्रांचे पाच प्रकल्प मंजूर झाल्याचे जाहीर झाले. त्यांपैकी १५ वाहने इंधनघटाची आणि २२ वाहने थेट इंजिनात हायड्रोजन जाळणारी आहेत. इंजिनात हायड्रोजन जाळताना नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात, इंधनघटात ती होत नाहीत, म्हणून या दोन गटांची शेजारी शेजारी ठेवलेली नोंद फार मोलाची ठरेल. असे प्रयोग अनेक देशांत चालू आहेत. सार्वजनिक पैशावर धावणाऱ्या या प्रत्येक वाहनाने दर महिन्याला किती किलोमीटर कापले, किती किलो हायड्रोजन घेतला, तो कोणत्या विजेवर तयार झाला, किती दिवस गाडी दुरुस्तीला उभी होती, पंप किती तास बंद होता, आणि तिच्या बदल्यात जुना डिझेल ट्रक मोडीत निघाला की दुसऱ्याला विकला गेला, हे सगळे महिनाअखेरीस लोकांना पाहता येईल असे प्रसिद्ध झाले पाहिजे. आपल्या वृत्तपत्राने ही माहिती मागून घ्यावी आणि ती मिळेपर्यंत मागत राहावे, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
मालवाहतुकीचे हिशेब पाहिलेला एक निवृत्त वाचक